महिन्याने विचारायला कोण जाते?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी आमच्याकडे ‘नेतृत्व’ या विषयावर लेख मागितला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आपल्या समाजात नेतृत्वावर बोलणाऱ्यांची उणीव कधी नव्हती. जयंतीचा मंडप असो, महापरिनिर्वाण दिनाची अभिवादन सभा असो की एखाद्या पुढाऱ्याचा सत्कार असो, या विषयावर एवढे ऐकून झाले आहे की त्यात भर घालण्याची इच्छाच उरत नाही. परंतु मंडळाने आमच्यापुढे माजी विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवली. शिक्षक, पोलीस, परिचारिका, बँक कर्मचारी यांच्या जोडीला तीत एक नवा वर्ग दिसला. समाजकार्याची पदवी घेऊन स्वयंसेवी संस्थांत गेलेली ही आपली मुले-मुली. कुणी कुपोषणाच्या प्रकल्पावर आहे, कुणी पाणलोटाच्या कामावर. दोघे-तिघे परदेशी निधीवर चालणाऱ्या मोठ्या विकाससंस्थांत समन्वयक झाले आहेत. उद्या यांतलेच कुणी अशा संस्था चालवतील. त्यांच्यासाठी लिहा, असा आग्रह झाला आणि आम्हाला तो मोडवेना.

या क्षेत्रात सध्या दोन शब्द फार वापरात आहेत, असे ही मुले सांगतात. एक ‘नैतिक नेतृत्व’ आणि दुसरा ‘अनुकूलनशील नेतृत्व’. शब्द जड आहेत. प्रशिक्षण शिबिरांतील फलकांवर ते शोभून दिसतात. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्याने शब्द बाजूला ठेवून घडलेल्या गोष्टींकडे पाहण्याची आम्हाला सवय आहे. मात्र त्या घडलेल्या गोष्टींपूर्वी स्वतःची एक गोष्ट सांगणे आम्हाला भाग आहे; ती लपवून इतरांविषयी लिहिणे योग्य होणार नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही एका निराळ्या शाळेत शिकवीत होतो. परदेशी देणगीवर चालणाऱ्या एका संस्थेने तेथे मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून दिले. निळ्या फरशा, नवी दारे, भिंतीवर हात धुणाऱ्या मुलीचे सुरेख चित्र. उद्घाटनाला पाहुणे आले, मुलींनी लेझीम सादर केले, छायाचित्रे निघाली. फक्त पाणी नव्हते. टाकी होती, पण टाकीत पाणी चढवायची सोय शाळेच्या बोअरवर अवलंबून होती आणि ती बोअर दरवर्षी डिसेंबरनंतर आटत असे. हे गावातल्या कुठल्याही बाईला ठाऊक होते. तिला कुणी विचारले नव्हते. जानेवारीत स्वच्छतागृहाला कुलूप लागले. वर्षभराने संस्थेकडून एक प्रपत्र आले. त्यात एक प्रश्न होता: ‘सुविधा नियमित वापरात आहे काय?’ पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही चौघे बसलो. ‘नाही’वर खूण केली तर पुढच्या वर्षीचा संगणक कक्ष जाईल, असे सर्वांचे मत पडले. आम्ही ‘होय’वर खूण केली. खाली ज्या दोन सह्या आहेत, त्यांतली एक आमची आहे.

सातवी-आठवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जात होत्या आणि त्यांतल्या काही दुपारी परत येत नव्हत्या, हे हजेरीपट आमच्याच हाती असल्याने आम्हाला दिसत होते. संस्थेचा अधिकारीही येऊन कुलूप पाहून गेला होता. त्यालाही ‘होय’च हवे होते, कारण त्याच्या वरच्याला ते हवे होते, आणि त्याच्या वरच्याला सातासमुद्रापलीकडील देणगीदारापुढे ठेवायला तेच हवे होते. पुढे त्या संस्थेच्या वार्षिक अहवालात आमची शाळा यशोगाथा म्हणून झळकली.

पुढे आम्ही जे थोडेफार वाचले, ते या सहीच्या टोचणीने वाचले. त्या वाचनात आपल्या शेजारच्या बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेचा इतिहास हाती आला. विकासाची मदत म्हणजे गोऱ्या देशांतून काळ्या-सावळ्या देशांत येणारी वस्तू, असाच आपला समज असतो. ब्रॅक ही बांगलादेशाच्या चिखलातून उभी राहिलेली आणि २००२ पासून अफगाणिस्तान, पुढे टांझानिया, युगांडा अशा देशांत काम घेऊन गेलेली संस्था आहे. मनुष्यबळाच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठ्या विकाससंस्थांत तिची गणना होते.

तिचे संस्थापक फझले हसन आबेद हे चितगावच्या शेल तेल कंपनीत हिशेब खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. १२ नोव्हेंबर १९७० रोजी भोला चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळले आणि लाखो माणसे मेली. मनपुरा बेटावर मदत घेऊन गेलेल्या आबेद यांनी प्रेतांचे खच पाहिले. पाठोपाठ मुक्तिसंग्राम झाला. त्यानंतर त्यांनी लंडनमधील आपले घर विकले आणि १९७२ मध्ये सुनामगंज जिल्ह्यातील शाल्ला या दुर्गम भागात, भारतातून परतणाऱ्या निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम सुरू केले. घरे उभी राहिली, होड्या बांधल्या गेल्या. एवढ्यावर ही कथा थांबली असती तर एका सज्जन माणसाची ती कथा ठरली असती; अशा सज्जनांची आपल्याकडेही वाण नाही. आम्हाला रस आहे तो त्यांच्या अपयशांत.

पहिले अपयश प्रौढ शिक्षणाचे. शाल्लात त्यांनी साक्षरता वर्ग काढले. लोक आले आणि हळूहळू यायचे थांबले. अशा वेळी ‘लोकांनाच शिकायचे नाही’ असा निष्कर्ष काढणे फार सोपे असते. आम्ही शिक्षक तो रोज काढतो. ब्रॅकच्या माणसांनी पाठ्यक्रम पाहिला. दिवसभर राबून आलेल्या माणसाला त्यात स्वतःच्या कामाचे काही सापडत नव्हते. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्या विचारांचा आधार घेऊन त्यांनी पाठ नव्याने रचले आणि भूक, कर्ज, जमीन हेच वाचनाचे विषय केले.

दुसरे अपयश याहून मोठे होते आणि ते आपल्या वाचकांना लगेच उमगेल. सुरुवातीला ब्रॅकची समजूत होती की गाव हा एक घटक आहे. गावाला मदत केली की ती सर्वांना मिळते. काही वर्षांनी दिसले की मदत नेहमी ठरावीक हातांतच अडते. १९८० मध्ये त्यांनी दहा गावांचा अभ्यास करून ‘द नेट’ हे पुस्तक काढले. सरकारी मदतीचे धान्य, जमीन आणि कामे मूठभर बड्या लोकांच्या जाळ्यात कशी सापडतात, हे त्यात मांडले आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे सुनावले होते, तेच हे वेगळ्या भूमीतले प्रत्यंतर. ब्रॅकने मग ‘गावाचा विकास’ ही कल्पना सोडली आणि भूमिहीनांचे, विशेषतः स्त्रियांचे वेगळे गट बांधले. देणगीदारांपुढे ‘आमचा आधीचा विचार चुकला’ असे म्हणायला काय लागते, हे ज्यांनी कधी प्रपत्र भरले आहे त्यांनाच कळेल.

परंतु आम्हाला थांबावेसे वाटते ते जलसंजीवनीपाशी. अतिसाराने शरीरातले पाणी आणि क्षार जाऊन मूल दगावते. मीठ, साखर आणि पाणी योग्य प्रमाणात दिले तर ते वाचते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मिश्रण पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातांनी रुग्णांना पाजले. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले ते २०२३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. असो.

औषध सापडले होते. ते बांगलादेशातील लाखो झोपड्यांपर्यंत कसे न्यायचे हा प्रश्न होता. पुड्या करून वाटायला पैसा नव्हता. ब्रॅकने ठरवले की आईलाच शिकवायचे. तीन बोटांची एक चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. १९७९ मध्ये शाल्लात प्रयोग झाला आणि १९८० पासून तरुण कार्यकर्त्या घरोघर जाऊन प्रत्येक आईला दहा मुद्दे शिकवू लागल्या; पुढे दहा फार होतात असे दिसल्यावर ते सात केले. दहा वर्षांत सुमारे १ कोटी २० लाख घरे झाली.

आता येथे जे केले गेले ते आमच्या मते या संपूर्ण इतिहासाचे मर्म आहे. कार्यकर्तीला किती घरे फिरली यावर पैसे मिळत नसत. ती शिकवून गेल्यावर साधारण महिन्याने दुसराच माणूस त्या गावात येई, काही घरे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडी आणि आईला विचारी: काय शिकवले होते? करून दाखवा. तिने केलेल्या मिश्रणाची प्रयोगशाळेत तपासणी होई. आईला किती आठवते आणि तिचे मिश्रण किती बरोबर आहे, यावर श्रेणी ठरे आणि श्रेणीवर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. सर्वांत खालच्या श्रेणीला काहीच नाही. म्हणजे संस्थेचा अहवाल संस्थेने लिहावयाचा नाही, निरक्षर आईने लिहावयाचा. आमच्या त्या प्रपत्रावर सही कुणाची हवी होती, हे हे वाचताना आम्हाला प्रथम कळले. आठवीतल्या एका मुलीची हवी होती.

बरे, आयांना मुद्दे पाठ झाले. उत्तरे अचूक येऊ लागली. येथे दुसऱ्या एखाद्या संस्थेने यशाचा सोहळा केला असता. ब्रॅकने आणखी एक प्रश्न विचारला: मूल आजारी पडल्यावर आई ते प्रत्यक्षात करते काय? उत्तर लाजिरवाणे होते. फार थोड्या घरांत वापर होत होता. ते उत्तर दडपले गेले नाही. कारणे शोधायला माणसे पाठवली गेली. कारणे तीन निघाली आणि तिन्ही शिकण्यासारखी आहेत.

पहिले कारण शब्दांचे. कार्यकर्ती ‘डायरिया’ म्हणे. बांगला खेड्यात जुलाबाचे वेगवेगळे प्रकार मानले जातात आणि त्यांना वेगवेगळी नावे आहेत. ‘डायरिया’ म्हणजे पटकीसारखा भयंकर प्रकार, असे आया समजत होत्या. बाकीच्या जुलाबांना हे पाणी द्यायचे असते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. शिकवणाऱ्याचा शब्द आणि शिकणाऱ्याचा शब्द एकच असला तरी अर्थ एक असेलच असे नाही, हे आम्ही इतकी वर्षे ‘क्रांती’ आणि ‘सुधारणा’ शिकवताना अनुभवले आहे. दुसरे कारण पुरुषांचे. सगळे शिक्षण बायकांना दिल्याने घरचे पुरुष बिथरले होते आणि घरात काय पाजायचे यात त्यांचा शब्द चाले. मग बाजारात, शाळेत, मशिदीत पुरुषांच्या बैठका घेतल्या. तिसरे कारण आम्हाला सर्वांत टोचले: खुद्द कार्यकर्त्यांचाच गूळपाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या घेत. त्यांना ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात नेऊन मरणाच्या दारातले रुग्ण या पाण्याने उठून बसताना दाखवले गेले, आणि आईला शिकवताना ते पाणी आधी स्वतः पिऊन दाखवण्याचा नियम झाला.

वापर वाढत गेला. आज अतिसार झालेल्या मुलांना जलसंजीवनी देण्यात बांगलादेश आपल्यापेक्षा पुढे आहे. हे श्रेय एकट्या ब्रॅकचे नव्हे. सरकार, नंतर आलेली तयार पाकिटे आणि इतर संस्था यांचाही त्यात वाटा आहे. तथापि चुलीपाशी बसलेल्या बाईचे म्हणणे मुख्य कार्यालयापर्यंत न बदलता पोहोचले, ही व्यवस्था ब्रॅकने केली होती.

याच रोगाची दुसरी कथा हैती देशातली आहे. हैती म्हणजे गुलामांनी स्वतः लढून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला देश; त्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून फ्रान्सने १८२५ मध्ये त्यांच्यावर प्रचंड खंडणी लादली आणि ती फेडता फेडता पिढ्या संपल्या. पाठ्यपुस्तकात फ्रेंच राज्यक्रांतीला मानाचे स्थान असते, हैतीला एक ओळही नसते. आम्ही वर्गात ती भर घालतो.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. संयुक्त राष्ट्रसंघाचे शांतिसैन्य आधीपासून तेथे होते. त्या वर्षी ऑक्टोबरात मिरबाले गावाजवळच्या छावणीत नेपाळची नवी तुकडी आली. नेपाळात तेव्हा पटकीची साथ होती. छावणीतील मैला नीट विल्हेवाट न लावल्याने ओढ्यात आणि ओढ्यातून आर्तिबोनीत या मोठ्या नदीत गेला. हैतीत त्याआधी शंभर वर्षांत पटकीची नोंद नव्हती. नदीकाठच्या लोकांनी पहिल्या आठवड्यांतच छावणीकडे बोट दाखवले. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी पाहणी करून तेच सांगितले. पुढच्या काही वर्षांत सुमारे आठ लाख माणसे आजारी पडली आणि जवळपास दहा हजार मेली. त्या नेपाळी सैनिकांना आम्ही दोष देत नाही. तेही गरिबाघरचे पोरगे, पोटासाठी परदेशी गेलेले. त्यांची तपासणी करण्याची आणि मैल्याची व्यवस्था पाहण्याची जबाबदारी ज्यांची होती, प्रश्न त्यांचा आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने चार तज्ज्ञांची समिती नेमली. तिचे अध्यक्ष, योगायोग असा की, ढाक्याच्या त्याच अतिसार संशोधन केंद्राचे प्रमुख होते. २०११ च्या अहवालात समितीने अनेक परिस्थिती एकत्र आल्याने साथ पसरली, ती कुणा एका गटाची चूक नव्हे, असे म्हटले. दोन वर्षांनी याच तज्ज्ञांनी, आता समितीचे सदस्य या नात्याने नव्हे, लिहिले की पुरावा छावणीकडेच निर्देश करतो. दरम्यान सुमारे पाच हजार पीडितांनी भरपाईचा दावा केला होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये संघाने तो विशेषाधिकाराच्या करारावर बोट ठेवून विचारार्थ घेण्यासच नकार दिला. महासचिव बान की-मून यांनी महासभेत हैतीच्या जनतेची माफी मागितली ती १ डिसेंबर २०१६ रोजी, आपली मुदत संपायला महिना उरला असताना, आणि तीही साथ रोखण्यासाठी पुरेसे न केल्याबद्दल. चाळीस कोटी डॉलर उभारण्याचा संकल्प जाहीर झाला. त्याचा अगदी थोडा भाग जमला.

मानवी हक्कांचा जाहीरनामा ज्या संस्थेने जगाला दिला, तिच्या वरिष्ठांत नीती जाणणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. सहा वर्षे गेली ती वकिलांच्या सल्ल्यात. चूक मान्य केली तर पुढे प्रत्येक मोहिमेत दावे येतील, ही भीती होती. आमच्या खोलीतल्या संगणक कक्षाच्या भीतीचेच ते मोठे रूप. त्याच हैतीत ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांनी स्त्रियांशी केलेले गैरवर्तन २०११ मध्ये संस्थेला कळले होते, प्रमुखाला राजीनामा देऊन जाऊ दिले गेले, आणि सर्व तपशील जगाला कळला तो २०१८ मध्ये वर्तमानपत्रातून. ऑक्सफॅमने आयुष्यभर चांगले काम केले आहे; शाल्लातल्या पहिल्या कामाला पैसा देणाऱ्यांत तीही होती. चांगल्या कामाचे नाव राखण्यासाठीच झाकपाक होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वाईट संस्थेला झाकण्यासारखे नाव नसते.

येथे आपल्या परंपरेतील एक विधी आठवतो. वर्षावासाच्या समाप्तीला भिक्खू संघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघापुढे बसून विनंती करतो की माझ्याकडून घडलेला जो दोष कुणी पाहिला असेल, ऐकला असेल, अगदी ज्याची शंका आली असेल, तो मला दाखवा. दिसला तर मी तो दुरुस्त करीन. सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून होते. एका सुत्तात तर खुद्द तथागतच संघाला विचारतात की माझ्या कृतीत किंवा वाणीत तुम्हाला काही निंद्य दिसते काय. आश्विन पौर्णिमेला आपण विहारात जातो, खीरदान करतो, प्रवचन ऐकतो. पवारणेचा हा भाग मात्र पुस्तकातच राहिला आहे. आपल्या संस्थांच्या वार्षिक सभेत कोषाध्यक्षाला साधी पावती विचारली तरी ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही काय?’ असे उत्तर येते, आणि विचारणारा पुढच्या सभेला बोलावला जात नाही.

आबेद यांना आम्ही आदर्श म्हणून भिंतीवर टांगण्यास सांगत नाही. भक्तीविषयी बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिलेला इशारा परदेशी माणसांनाही लागू आहे. आबेद २००१ मध्ये कार्यकारी संचालकपदावरून उतरले खरे, पण अध्यक्षपद त्यांनी २०१९ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या काही महिने आधीपर्यंत सोडले नाही. पुढे त्यांचे पुत्र ब्रॅकच्या आंतरराष्ट्रीय शाखेचे कार्यकारी संचालक झाले. पात्रता असेल, तरीही वारशाचा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. छोट्या कर्जांच्या वसुलीचा तगादाही गरिबांना जाचक ठरतो, ही टीका या क्षेत्रातील सर्वच संस्थांवर झाली आहे आणि ब्रॅक तिला अपवाद नाही.

पण याच कर्जांच्या कामातून त्यांचे तिसरे शहाणपण आले. सर्वांत गरीब बाई कर्ज घ्यायलाच येत नाही, बैठकीला येत नाही, यादीत येत नाही, असे त्यांना दिसले. आपल्या वस्तीतल्या बचतगटात कोण नाही हे आठवून पाहा. ती बाई लगेच डोळ्यांपुढे येईल. २००२ मध्ये ब्रॅकने अशा बायकांसाठी वेगळा कार्यक्रम आखला. गावकऱ्यांनी जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा, कोण किती गरीब हे आपसांत ठरवायचे, मग कार्यकर्त्याने घरी जाऊन खातरजमा करायची. निवडलेल्या बाईला कर्ज नाही. गाय किंवा शेळ्या, काही काळ खर्चाला पैसे आणि दोन वर्षे भेटीला येणारा माणूस. ही पद्धत पुढे इतर संस्थांनी सहा देशांत तपासून पाहिली आणि २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. बहुतेक ठिकाणी फायदा दिसला. होन्डुरासमध्ये बायकांना कोंबड्या दिल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच रोगाने मेल्या. तेही त्याच लेखात छापले आहे.

तेव्हा विकाससंस्थांत काम करणाऱ्या आपल्या मुला-मुलींना आमचे सांगणे एवढेच आहे की तुमच्या प्रकल्पात महिन्याने परत जाणारा माणूस कोण आहे, तो कुणाला विचारतो आणि त्याने आणलेले नकोसे उत्तर कुणाच्या टेबलावर जाते, हे पहिल्या दिवशी शोधून ठेवा. तसा माणूस नसेल तर नेमून घ्या. तुमच्या हाती तेवढा अधिकार नसेल तर निदान आमच्यासारखी सही करू नका. सही आठवत राहते.

आणि आपले हे विद्यालय? तेही देणगीवर चालते, त्याचेही अहवाल निघतात, आणि त्याच्या वसतिगृहात आपल्याच बांधवांची दूरदूरच्या खेड्यांतली लेकरे राहतात. घरी तक्रार करायला त्यांच्याजवळ बहुधा आठवड्यातला एक फोन असतो आणि तोही अधीक्षकांच्या खोलीतून. येथे काही वाईट चालले आहे असे आम्ही सुचवीत नाही. सर्व ठीक आहे असे आम्हाला वाटते. पण ते आम्हा शिक्षकांना वाटते, आणि तेथे राहतात मुले.

म्हणून आम्ही व्यवस्थापन मंडळाला एक पत्र दिले आहे. दरवर्षी आश्विन पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात दोन माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहात दोन दिवस मुक्काम करावा. ते मंडळाचे सदस्य नसावेत, त्यांची मुले येथे शिकत नसावीत; एक स्त्री असावी. संध्याकाळी शिक्षक व अधीक्षक यांनी बाहेर राहावे आणि त्यांनी मुलांशी बोलावे. काल जेवणात काय होते, स्वच्छतागृहात सकाळी पाणी होते काय, ताप आला तर कुणाला सांगता, कुणाची भीती वाटते काय. मुलांची नावे न लिहिता जे कळेल ते माजी विद्यार्थी मेळाव्यात वाचून दाखवावे आणि मंडळाने तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यावे.

पत्रावर चर्चा झाली तेव्हा दोन ज्येष्ठांनी शंका काढली की यामुळे शिस्त बिघडेल आणि चार चुका बाहेर गेल्या तर देणगीदार हात आखडते घेतील. ही शंका आम्हाला ओळखीची आहे. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. पहिल्या वर्षीच्या पाहणीत वसतिगृहाबरोबर आमचे इतिहासाचे वर्गही घ्यावेत आणि त्या तासाला आम्हाला बाहेर पाठवावे, असे आम्ही पत्रात खाली हाताने लिहून दिले आहे.